ज्या पेशी आधीच वाढत होत्या

एचटीएलव्ही-1 या विषाणूबद्दल मी दोनदा चुकीचं बोलले. पहिल्यांदा शास्त्रज्ञांच्या सभेत आणि नंतर काही वर्षांनी बागबाजारात, आमच्या गल्लीच्या क्लबने भरवलेल्या रक्तदान शिबिरात. पहिल्या चुकीपायी माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण गेलं. दुसरीमुळे एका तान्ह्या मुलीचं आईचं दूध तुटलं. या दोन्ही वेळा मी अज्ञानी नव्हते, म्हणून त्या जास्त लागतात. जे माहीत होतं त्यातला निम्मा भाग सांगितला आणि उरलेला निम्मा लोक आपापला भरून घेतील असं धरून चालले.

माझं शिक्षण पुण्याचं. लग्नानंतर कोलकात्यात आले आणि इथल्याच एका प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी नाव घातलं. घर बागबाजारात मिळालं. जवळच मराठा डिच लेन आहे. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज बंगालमध्ये शिरली तेव्हा कोलकात्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, सुमारे तीन मैल खणून झाला आणि काम थांबलं, कारण मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. खंदक पुढे बुजवला गेला, त्यावरून रस्ता झाला, नाव मात्र या गल्लीला राहिलं. शेजारच्या मासीमांनी पहिल्याच आठवड्यात मला ही गोष्ट सांगितली आणि वर जेवायला बसवलं.

मी या विषयाकडे वळले ती कमल रणदिवे यांच्यामुळे. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल, माहेरच्या समर्थ, पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली संशोधन करून 1949 मध्ये डॉक्टरेट झाल्या. त्यानंतर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेला या मानवी कर्करोगाच्या प्रसिद्ध पेशी ज्यांनी वाढवल्या तेच हे गाय. परत येऊन त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांच्या स्तनांच्या कर्करोगावर काम केलं. उंदरांच्या काही वाणांत हा कर्करोग आईच्या दुधातून पिलांकडे जातो, हे अमेरिकेत जॉन बिटनर यांनी 1936 मध्ये दाखवलं होतं. दुधातून जाणारी ती गोष्ट पुढे विषाणू ठरली. कॉलेजात असताना हे वाचलं आणि मनात घर करून बसलं. माणसात असा विषाणू आहे का, याचा शोध घेत मी एचटीएलव्ही-1 पर्यंत आले.

या विषाणूची कथा जपानमध्ये सुरू होते. 1977 मध्ये क्योतोच्या कियोशी ताकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांमध्ये होणाऱ्या एका वेगळ्या ल्युकेमियाचं वर्णन केलं. रुग्णांतले बरेचसे मूळचे दक्षिणेकडच्या क्युशू बेटावरचे. आजार टी-पेशींचा, म्हणजे शरीराच्या संरक्षणाची सूत्रं हलवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा. एखादा आजार एकाच प्रदेशात दाटीने दिसतो तेव्हा वैद्य संसर्गाचा संशय घेतात, तसा तो घेतला गेला. तिकडे अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने 1976 मध्ये टी-पेशींना बाहेर जगवणारा घटक शोधला होता. आज आपण त्याला इंटरल्युकिन-2 म्हणतो. तो घातला की एरवी काही दिवसांत मरून जाणाऱ्या टी-पेशी काचेच्या भांड्यात वाढत राहतात. या सोयीमुळेच त्यांच्याकडचे बर्नार्ड पोइझ आणि सहकारी 1980 मध्ये एका रुग्णाच्या टी-पेशींमधून नवा विषाणू वेगळा करू शकले. माणसात सापडलेला हा पहिला रेट्रोव्हायरस. एचआयव्हीच्या आधीचा. जपानमध्ये योरिओ हिनुमा यांनी 1981 मध्ये आणि मित्सुआकी योशिदा यांनी पुढच्या वर्षी, आपल्याकडच्या ल्युकेमियामागे असाच विषाणू असल्याचं दाखवलं. अमेरिकेतला आणि जपानमधला विषाणू एकच निघाला.

1983 मध्ये योशिदांच्या गटाने या विषाणूचा संपूर्ण जनुकीय मजकूर वाचला. त्यात शेवटाकडे एक तुकडा होता जो इतर प्राण्यांच्या ल्युकेमिया विषाणूंत दिसत नव्हता. त्याला त्यांनी पीएक्स म्हटलं. या तुकड्यात टॅक्स नावाच्या प्रथिनाचं जनुक आहे. 353 अमिनो आम्लांचं हे प्रथिन डीएनएला स्वतः चिकटत नाही. पेशीत आधीपासून कामाला असलेल्या क्रेब आणि एनएफ-कॅपा-बी या यंत्रणा ते हाताशी धरतं आणि त्यांच्याकडून विषाणूची जनुकं तर वाजवून घेतंच, पेशीची शेकडो जनुकंही जागी करतं. त्या जनुकांत इंटरल्युकिन-2 आहे आणि ते पकडणाऱ्या ग्राहीचा एक भागही आहे. या भागाला सीडी-25 म्हणतात. निरोगी टी-पेशीला वाढायला बाहेरून निरोप लागतो. टॅक्स असलेली पेशी निरोप पाठवणारं रसायनही करू लागते आणि तो घेणारा ग्राहीही. स्वतःच्या दाराची घंटा स्वतःच वाजवून स्वतःच दार उघडावं तसं. त्याबरोबर टॅक्स पी-53 आणि पी-16 या आवर घालणाऱ्या प्रथिनांना निकामी करतं आणि डीएनएची दुरुस्ती मंदावतं. वाढीला जोर, आवर ढिला आणि चुका साचत जाणाऱ्या, असा तिहेरी धोका.

हे सगळं मी वाचलं होतं आणि मला त्यातलं एक वाक्य स्वतःच्या हाताने सिद्ध करायचं होतं: टॅक्समुळे मानवी टी-पेशी वाढतात.

त्यासाठी मी जुरकॅट पेशी निवडल्या. 1970 च्या दशकात 14 वर्षांच्या एका मुलाच्या ल्युकेमियातून आलेली ही पेशीमालिका जगातल्या जवळजवळ प्रत्येक प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत असते. ती सांभाळायला सोपी, भराभर वाढणारी. इंटरल्युकिन-2 विकत आणावं लागत नाही, कारण जुरकॅटला ते लागतच नाही. आमच्या प्रयोगशाळेचा खर्च बेताचा होता आणि ही सोय मला वरदान वाटली. प्रयोगाचा दोष तिथेच होता. जुरकॅट मुळातच कर्करोगाच्या पेशी आहेत. त्यांचं पी-53 बदललेलं आहे, पीटीईएन हे आवर घालणारं प्रथिन त्यांच्यात नाहीच. साधारण दिवसाभरात त्यांची संख्या दुप्पट होते. ज्या पेशींना वाढीसाठी कोणाची परवानगी लागत नाही, त्यांच्यात टॅक्स घालून टॅक्समुळे वाढ झाली असं म्हणायला निघाले होते मी.

तरी प्रयोगाने मला आकडे दिले, आणि ते हवे तसे दिले. हे कसं घडलं ते नीट सांगते, कारण नव्या विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग होईल. पेशींना विजेचा झटका देऊन मी त्यांच्यात दोन प्लॅस्मिड, म्हणजे जनुक वाहून नेणारी डीएनएची छोटी वर्तुळं, घालत होते. एकात टॅक्स आणि दुसऱ्यात हिरवा प्रकाश देणारं जीएफपी. दुसरं यासाठी की ज्या पेशींनी प्लॅस्मिड घेतलं त्या ओळखता याव्यात. तुलनेसाठी वेगळ्या फ्लास्कमध्ये रिकामं प्लॅस्मिड आणि जीएफपी. तीन दिवसांनी फ्लो सायटोमीटरवर हिरव्या पेशी मोजल्या. टॅक्सच्या फ्लास्कमध्ये त्या कितीतरी जास्त निघाल्या. प्रयोग पुन्हा केला, पुन्हा तेच. मी आलेख काढला, तारांकित केला आणि खाली लिहिलं, ‘टॅक्समुळे पेशींची वाढ’.

जीएफपीच्या प्लॅस्मिडवर जो प्रोमोटर होता, म्हणजे जनुक किती जोरात चालवायचं ते ठरवणारा भाग, तो सायटोमेगॅलोव्हायरस या दुसऱ्या एका विषाणूकडून घेतलेला होता. जगभर हाच वापरतात, कारण तो जोरकस आहे. पण या प्रोमोटरवर क्रेबलाही बसायला जागा आहे आणि एनएफ-कॅपा-बीलाही. टॅक्स नेमक्या याच दोघांना उठवतं. म्हणजे माझ्या फ्लास्कमध्ये टॅक्सने पेशी वाढवल्या नव्हत्या, माझ्या खुणेचा रंग वाढवला होता. ज्या पेशी एरवी इतक्या फिक्या असत्या की यंत्राने त्यांना मोजलं नसतं, त्या आता उजळ होऊन मोजणीत येत होत्या. टॅक्स या प्रोमोटरला चाळवतं हे तेव्हाच छापून आलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. माझं सगळं वाचन कर्करोगाकडून आलं होतं. जे प्लॅस्मिड रोज हातात घ्यायचे त्याबद्दल मी काहीच वाचलं नव्हतं.

हा निष्कर्ष मी एका परिषदेत मांडला. कोणी हरकत घेतली नाही. परत आल्यावर प्रयोगशाळेतल्या एका नव्या मुलीने विचारलं, ‘दीदी, हिरव्या सोडून सगळ्याच पेशी ट्रायपॅन ब्लूने मोजल्या तर?’ ट्रायपॅन ब्लू हा साधा निळा रंग आहे. मेलेली पेशी तो आत घेते, जिवंत पेशी घेत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली चौकटीच्या काचेवर जिवंत पेशी हाताने मोजायच्या. कोणत्याही यंत्राशिवाय होणारं, पहिल्या वर्षात शिकवतात ते काम. मी तिला म्हणाले, नंतर बघू. त्या ‘नंतर’ला मी बराच काळ ढकलत राहिले, आणि मला माहीत होतं का ढकलते आहे ते. शेवटी एका संध्याकाळी एकटीने मोजणी केली. टॅक्स असलेल्या आणि नसलेल्या फ्लास्कच्या रेघा एकमेकींवर पडल्या.

गाईडना सांगितलं. त्यांनी ते प्रकरण प्रबंधातून काढायला सांगितलं आणि मी काढलं. पण परिषदेत ज्यांनी ते ऐकलं होतं त्यांना मी तेव्हा कळवलं नाही. गोषवाऱ्यांच्या पुस्तकात माझा दावा छापलेला आहे तसाच आहे. आकडा चुकणं समजू शकतं. ते कळल्यावर गप्प बसणं ही माझी निवड होती, आणि या सगळ्या प्रकरणात तीच मला सर्वांत जास्त टोचते.

अजून एक फ्लास्क होता. सरावासाठी म्हणून मी टॅक्स हेला पेशींतही घातलं होतं. हेला भांड्याच्या तळाला चिकटून वाढतात. टॅक्स घातलेल्या हेला मोठ्या झाल्या, पसरट झाल्या आणि त्यांचं विभाजन थांबलं. माझ्या डोक्यात ‘टॅक्स म्हणजे वाढ’ इतकं पक्कं होतं, की मी वहीत ‘विषारी परिणाम, प्लॅस्मिड खराब’ असं लिहून भांडं टाकून दिलं. पुढे 2006 मध्ये अमेरिकेतल्या चौ-झेन ज्याम यांच्या गटाने दाखवलं की टॅक्स अनेक मानवी पेशींना वाढवत नाही. उलट त्या अकाली म्हाताऱ्या होतात, त्यांचं विभाजन थांबतं. एनएफ-कॅपा-बी प्रमाणाबाहेर चेतवलं गेलं की पेशी स्वतःला थांबवते. त्याच गटाने 2011 मध्ये सांगितलं की विषाणूचं दुसरं एक प्रथिन, एचबीझेड, हा अतिरेक शमवतं आणि मग पेशी वाढू शकते. एचबीझेडचं जनुक विषाणूच्या उलट बाजूच्या धाग्यावर आहे. त्याचं प्रथिन 2002 मध्ये ओळखलं गेलं. ज्यामांचा शोध मला लागला असता असं मला म्हणायचं नाही. त्यासाठी लागणारी तयारी माझ्याकडे नव्हती. पण माझ्या डोळ्यांपुढे पेशी थांबल्या होत्या आणि मी त्या फेकल्या, हे खरं आहे.

योग्य प्रयोग कसा करायचा, हे इतरांनी माझ्या कितीतरी आधी करून ठेवलं होतं. जर्मनीच्या राल्फ ग्रासमान यांनी 1989 मध्ये पीएक्स तुकडा माकडांच्या एका हर्पिस विषाणूत बसवून तो निरोगी माणसांच्या ताज्या टी-पेशींत नेला. त्या पेशी न थांबता वाढत राहिल्या. 1992 मध्ये त्यातलं एकटं टॅक्सही त्याला पुरेसं ठरलं. पण त्या निबंधातली दुसरी गोष्ट मी माझ्या टिपणात घेतलीच नव्हती. या पेशींना इंटरल्युकिन-2 देत राहावं लागत होतं. म्हणजे टॅक्सने त्यांचं आयुष्य लांबवलं, पण बाहेरच्या निरोपाची गरज पूर्ण संपली नाही. स्मिथ आणि ग्रीन यांनी 1990 मध्ये टॅक्सचे दोन बिघडलेले नमुने तयार केले होते: एम-22 एनएफ-कॅपा-बीला उठवू शकत नाही, एम-47 क्रेबला. हे दोन शेजारी ठेवले की कोणतं काम कोणत्या वाटेने होतं ते कळतं. मी दोन्हींतला एकही मागवला नाही. पत्र लिहून मागितलं असतं तर मिळाला असता.

रुग्णाच्या शरीरात तर चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. ल्युकेमिया झालेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या कर्करोग पेशींत टॅक्स सापडतच नाही. शरीराच्या मारक पेशी टॅक्सलाच सर्वांत आधी ओळखतात, म्हणून ज्या पेशींनी टॅक्स बंद केलं त्या वाचतात. निरोगी वाहकांतही टॅक्स सतत चालू नसतं. अधूनमधून थोड्या वेळासाठी उसळतं आणि विझतं. एचबीझेड मात्र जवळजवळ प्रत्येक रुग्णात चालू असतं. संसर्ग बहुधा बाळपणी होतो आणि आजार येतो तो 40-50 वर्षांनी, तोही 100 वाहकांपैकी साधारण 5 जणांना. आणखी थोड्यांना पाय लुळे करणारा मज्जारज्जूचा आजार होतो. उरलेले बहुसंख्य लोक विषाणू घेऊन आयुष्य काढतात आणि त्यांना ते कळतही नाही.

हा वरचा परिच्छेद मी त्या शिबिरात बोलले असते, तर पुढचं घडलं नसतं.

कोलकात्यात गल्लोगल्ली क्लब आहेत आणि क्लब म्हटला की दुर्गापूजा आणि रक्तदान शिबिर ठरलेलं. तोपर्यंत प्रबंध पूर्ण होऊन मी एका कॉलेजात शिकवायला लागले होते. क्लबच्या मुलांनी येऊन सांगितलं, शिबिराच्या दिवशी थोडं बोला, तुमच्या रक्ताच्या विषयावर. मला आनंद झाला. इतक्या वर्षांत शेजाऱ्यांनी कधी विचारलं नव्हतं की मी नेमकं काय करते. मी पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: प्रतिकारपेशींना अमर करणारं प्रथिन. जुरकॅटचा तो जुना आलेख दाखवला नाही, एवढी लाज होती. पण लोकांचं लक्ष धरून ठेवायचं म्हणून मी सांगितलं की हा विषाणू रक्तातून जातो, शरीरसंबंधातून जातो आणि आईच्या दुधातून बाळाला जातो. एकाने विचारलं, आज आम्ही देतोय त्या रक्ताची ही तपासणी होते का? मी म्हणाले, नाही. आपल्याकडे एचआयव्ही, हेपटायटिस बी, हेपटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाचांचीच सक्तीची तपासणी होते. जपान 1986 पासून या विषाणूसाठी रक्त तपासतो.

यातलं प्रत्येक विधान खरं आहे. आणि तरी मी त्या लोकांना खोटं चित्र दिलं. जपान का तपासतो, हे मी सांगितलं नाही. विषाणू जगात सगळीकडे सारखा पसरलेला नाही. नैर्ऋत्य जपान, कॅरिबियन बेटं, दक्षिण अमेरिकेचे काही भाग, मध्य आफ्रिका, इराणमधला मशहद परिसर, मध्य ऑस्ट्रेलियातले आदिवासी समूह, इथे त्याची दाटी आहे. भारतात नोंदी आहेत, पण तुरळक. बागबाजारातल्या एखाद्या बाईला हा विषाणू असण्याची शक्यता फार थोडी, तो असणं आणि बाळाला जाणं, दोन्ही घडण्याची शक्यता त्याहून थोडी, आणि गेला तर त्या बाळाला उतारवयात ल्युकेमिया होण्याची शक्यता त्याच्याही आणखी एका अंशाची. या तीन पायऱ्या मी गाळल्या. ऐकणाऱ्यांच्या हाती राहिलं ते इतकंच: आईचं दूध, विषाणू, ब्लड कॅन्सर.

श्रोत्यांत आमच्या समोरच्या घरातली सून होती. तिची मुलगी तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची. काही दिवसांनी तिच्या सासूबाई, त्याच मासीमा, मला जिन्यात भेटल्या आणि विचारलं की दुधाच्या पावडरीचा कोणता डबा चांगला. मी नाव सांगितलं. का विचारता, हे विचारलं नाही. सूनबाईने पाजणं थांबवलं होतं. रात्री बाळ रडलं की ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची, हे मला खूप नंतर कळलं. बाटलीचं पाणी उकळलेलं होतं की नाही कोण जाणे, बाळाला जुलाब लागले आणि रुग्णालयात सलाईन लावावं लागलं. मी भेटायला गेले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘दीदी, तुम्हीच तर म्हणालात ना.’

मी तिथे तिला सगळं समजावलं. ती ऐकत होती, पण तिच्या आईने मध्येच विचारलं की मग आधी हे का नाही सांगितलंत. मला उत्तर देता आलं नाही. बाळ बरं झालं. तिथल्या एका अनुभवी परिचारिकेने बाळाला पुन्हा पुन्हा छातीशी लावायला शिकवलं आणि दूध काही प्रमाणात परत आलं, पूर्ण नाही. मुलगी आता शाळेत जाते. तिची आई माझ्याशी बोलते, तिने मला कधी दोष दिला नाही. पण मला तो माझ्याकडेच ठेवायचा आहे.

त्यानंतर मी क्लबच्या मुलांकडे गेले आणि पुन्हा बोलू द्या म्हटलं. त्यांनी दिलं. पहिल्या दिवशी होते त्याच्या मानाने फार थोडे लोक आले. घाबरवणारी गोष्ट ऐकायला गर्दी होते, ती मागे घेतली जाताना होत नाही. म्हणून मी घरोघर गेले, विशेषतः जिथे लहान मुलं किंवा गरोदर बायका होत्या तिथे.

या फिरण्यात मला बागबाजारचीच एक जुनी गोष्ट सारखी आठवत होती. 1898 मध्ये कोलकात्यात प्लेग आला. सक्तीने टोचतील, घरातून ओढून नेतील या अफवेने लोक शहर सोडून पळत होते. त्याच्या आदल्या वर्षी आपल्या पुण्यात प्लेगच्या नावाखाली काय झालं होतं ते मराठी माणसाला सांगायला नको. त्या वर्षीच्या मे महिन्यात स्वामी विवेकानंदांनी लोकांसाठी प्लेगविषयी एक जाहीर पत्रक तयार केलं. त्याचा भर भीती घालवण्यावर होता: अफवांवर विश्वास ठेवू नका, घर आणि अंग स्वच्छ ठेवा, आम्ही तुमच्या सेवेला आहोत. पुढच्या वर्षी प्लेग पुन्हा आला तेव्हा बागबाजारच्या बोसपाडा गल्लीत राहणाऱ्या भगिनी निवेदितांनी स्वतः झाडू हातात घेऊन इथल्या वस्त्या साफ केल्या. प्लेगचं ज्ञान त्यांच्याकडे आजच्या मानाने किती थोडं होतं! पण बोलायचं कोणाशी आणि ते ऐकून ती माणसं उद्या सकाळी काय करतील, हे त्यांनी आधी पाहिलं होतं. माझ्याजवळ टॅक्सच्या प्रत्येक अमिनो आम्लाचा हिशेब होता आणि हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

मला आता दोन्ही चुकांची जात एकच दिसते. जुरकॅट पेशी आधीच वाढत होत्या हे मी मोजलं नाही. बागबाजारात हा विषाणू जवळजवळ नाहीच, हेही मी मोजलं नाही. आधी काय होतं ते न बघता, मी जे आणलं त्याचा परिणाम सांगत सुटले.

आता कॉलेजात हा विषय शिकवताना मी टॅक्सपासून सुरुवात करत नाही. आधी फळ्यावर जगाचा नकाशा काढते आणि विषाणू कुठे आहे ते दाखवते. मग पेशींचं भांडं, टॅक्स न घातलेलं. मुलांना हाताने मोजायला लावते. माझा तो खोटा आलेखही दाखवते आणि चूक शोधायला सांगते. हुशार मुलांनाही वेळ लागतो. प्रोमोटरकडे कोणाचं लक्ष जात नाही.

परिषदेला चूक कळवणारं पत्र मी अखेर पाठवलं. बराच उशीर झाला होता, आयोजक बदलले होते, उत्तर आलं नाही. ते कुठे तरी जोडून ठेवलं जावं इतकीच विनंती केली होती.

हे वाचणाऱ्यांत कोणी गरोदर असेल किंवा तान्हं बाळ पाजत असेल, तर तिच्यासाठी स्पष्ट लिहिते. नागासाकीत 1987 पासून विषाणू असलेल्या मातांना दूध न पाजण्याचा सल्ला दिला जाऊ लागला. तिथे दीर्घकाळ पाजलेल्या 100 बाळांपैकी सुमारे 20 जणांना संसर्ग होत असे आणि बाटलीवर वाढलेल्यांत सुमारे 3. पण तो सल्ला तपासणीत विषाणू आढळलेल्या मातांसाठी आहे, सगळ्यांसाठी नाही. भारतात या विषाणूच्या भीतीने दूध थांबवण्याचं कारण नाही. तुमचं किंवा तुमच्या आईचं कुटुंब वर सांगितलेल्या प्रदेशांतून आलं असेल, किंवा घरात कोणाला हा विशिष्ट ल्युकेमिया झाला असेल, तर डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्या. एरवी बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध द्या, आणि माझ्यासारखं कोणी व्यासपीठावरून काही सांगितलं तर घरी जायच्या आधी थांबून विचारा: हे आपल्याकडे किती जणांना होतं?